एकदिशी

आमच्या गावात फुलाला काही ना काही काम लागतं. झेंडू दसऱ्याच्या तोरणाला, कण्हेर महादेवाला, जास्वंद गणपतीला, मोगरा पोरींच्या वेणीला. पळसाचं फूल होळीच्या रंगाला, आणि मोहाचं तर खायला-प्यायलाच. ज्या झाडाला काम नाही त्याला वाडीत जागा नाही, असा सरळ हिशेब. कास्तकाराच्या घरामागची वाडी म्हणजे वांगी, टमाटर, वालाचा वेल, कोपऱ्यात पपई, एखादं कढीलिंबाचं झाड आणि कोठ्यातलं शेण टाकायचा उकिरडा. त्यात शोभेचं झाड लावणं म्हणजे रिकामटेकडेपणा.

अशा वाडीत माझ्या मायनं चौतीसएक वर्षं एक बिनकामाचं झाड सांभाळलं. त्याच्या फुलाला वास नव्हता. ते देवाला चालत नव्हतं, म्हणजे कुणी मना केलं नव्हतं, पण सकाळी वाहिलेलं फूल संध्याकाळच्या दिव्यापर्यंत मान टाकायचं आणि रात्री देव्हाऱ्यात ओल्या चिंधीसारखं पडून राहायचं. माय म्हणायची, देवाले असं शिळं दाखवू नये. वेणीत ते टिकत नाही आणि बाजारात तर पोचतच नाही. सीताबर्डीच्या फूलबाजारात निशिगंधाच्या छड्या, शेवंती, झेंडूचे ढीग असतात, पण हे फूल तिथं कधी दिसणार नाही. काटोलहून पहाटे खुडून नेलं तरी गिऱ्हाइकाच्या घरी जाईस्तोवर त्याचं आयुष्य संपलेलं असतं.

डे लिली. मायच्या तोंडी हे नाव बसलं नाही. मामानं तिला समजावलं की याचं फूल एकच दिवस राहतं, तशी ती म्हणाली, "मंग एकदिशी म्हना ना." तेच आमच्या घरात नाव.

मामा नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर माळी होता. त्या बंगल्याच्या फाटकापासून पायऱ्यांपर्यंत दोन्ही बाजूंनी ही नारिंगी फुलांची रांग होती, आणि दर तीन-चार वर्षांनी गड्डे दाटले की जास्तीचे उपटून फेकायचे, असा तिथला रिवाज. फेकायच्या ढिगातला एक गड्डा मामानं ओल्या टाटात गुंडाळला आणि राखीच्या सणाला इटारसीकडं जाणाऱ्या पॅसेंजरनं काटोलला घेऊन आला. ते साल १९७९. मी तेव्हा पाच वर्षांची. बहिणीला राखीची ओवाळणी म्हणून भावानं लुगडं आणायचं सोडून बंगल्याच्या कचऱ्यातलं गवत आणलं, असं आजी पुढची कितीतरी वर्षं बोलून दाखवायची. गवतासारखंच दिसायचं ते. लांब पात्याची पानं, मधोमध घडी पडलेली, दोन्ही बाजूंनी पंख्यासारखी उघडणारी. लांबून पाहिलं तर दाट पेरलेली ज्वारी किंवा वेखंड. बाबांनी पहिल्या वर्षी ते एकदा विळ्यानं कापून बैलापुढं टाकलंही होतं. बैलानं खाल्लं. महिनाभरात पुन्हा पानं आली.

फूल आलं ते तिसऱ्या वर्षी, फाल्गुनात. पानांच्या मधून एक नागडा दांडा निघाला, कमरेएवढा वाढला आणि त्याच्या टोकाला फाटे फुटून दहा-बारा कळ्या धरल्या. त्यातली एक कळी पहाटे उमलली. सहा पाकळ्या मागं वळलेल्या, रंग पिकल्या संत्र्याच्या सालीचा, मधे थोडा तांबूस पट्टा आणि आत घशाशी हळदीसारखा पिवळा. माय चुलीवरचं आंधण सोडून ते पाहत उभी होती, हे मला लख्ख आठवतं, कारण त्या दिवशी चहा उतू गेला आणि आजीनं तिला सुनावलं. संध्याकाळी फूल मिटलं. दुसऱ्या दिवशी दुसरी कळी. असं वीस-पंचवीस दिवस चाललं. एका दांड्याच्या कळ्या संपेस्तोवर शेजारचा दांडा तयार. म्हणजे फूल एक दिवसाचं असलं तरी झाड महिनाभर फुललेलं दिसतं. फक्त कालचं फूल आज नसतं.

लिली म्हटलं की आपल्याकडे काहीही खपतं. पहिल्या पावसानंतर शाळेच्या आवारात एकदम उमलते ती गुलाबी पावसाळी लिली, पांढऱ्या लांब बोटांची स्पायडर लिली, मेच्या अखेरीला चेंडूसारखं लाल फूल येतं ती फुटबॉल लिली. या सगळ्यांना खाली कांदा असतो. एकदिशीला कांदा नाही. तिच्या बुडाशी शतावरीसारख्या जाड, फुगीर मुळांचा झुबका असतो, भुईमुगाच्या शेंगांएवढाल्या गाठी त्यात लोंबत असतात, आणि त्या गाठींत ती पाणी आणि अन्न भरून ठेवते. शास्त्राच्या हिशेबानं ती खरी लिली नाहीच. तिचं शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस, ग्रीक भाषेत हेमेरा म्हणजे दिवस आणि कॅलोस म्हणजे सौंदर्य. लिनियसनं १७५३ साली हे नाव पक्कं केलं. मायच्या 'एकदिशी'त आणि त्याच्या नावात फारसं अंतर नाही, फक्त मायनं सौंदर्याचा उल्लेख गाळला. आमच्याकडे तो शब्द मोठ्यानं बोलत नाहीत.

माय शिकलेली नव्हती, पण त्या झाडाचं तंत्र तिनं पाहून पाहून बसवलं होतं. आमची जमीन काळी, भारी. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. अशा मातीत मुळं सडतात हे तिला पहिल्याच श्रावणात कळलं, तेव्हा तिनं न्हाणीच्या बाजूला हातभर उंचीचा वाफा केला, त्यात नदीची वाळू, बरडाचा मुरूम आणि उकिरड्यातलं जुनं कुजलेलं खत मिसळलं. कोंब मातीखाली बोटाच्या एका पेराएवढाच ठेवायचा. खोल गाडला तर नुसती पानं येतात, फूल रुसतं. सकाळचं ऊन पाहिजे, दुपारचं नको, म्हणून पश्चिमेला कोठ्याची भिंत येईल अशी जागा. दांड्यावर मावा पडला की चुलीची राख. सुकलेलं फूल रोज खुडायचं. सगळा दांडा संपला की बुडातून कापायचा. गड्डा फोडायचा तो मिरगात नाही, पोळा झाल्यावर, पावसाचा जोर ओसरला की. मिरगात फोडला तर कापलेल्या जागेतून कूज शिरते. फोडल्यावर पानं इतभर ठेवून छाटायची, मुळांना राख चोळायची, एक दिवस सावलीत पडू द्यायची आणि मग लावायची. मी पुढे बागकामाची पुस्तकं चाळली. त्यांत हेच होतं, जरा जास्त शब्दांत.

आणि पाणी. पाणी न्हाणीचं. घरातली सात माणसं आंघोळ करायची, ते पाणी दगडी नालीतून वाफ्यात जायचं. कपड्याचं सोड्याचं पाणी मात्र ती तिकडे जाऊ द्यायची नाही, त्याला वेगळी वाट काढून दिली होती. विहिरीचं पाणी तिनं त्या झाडाला कधी घातलं नाही. हा अलिखित करार होता. विहीर बाबांची आणि संत्र्यांची.

बाबांनी १९८६ साली तीन एकरांत संत्रा लावला. वीस-वीस फुटांवर खड्डे, जंबेरीवर डोळा भरलेल्या कलमा, सव्वातीनशे झाडं. काटोल-नरखेडकडं संत्रा म्हणजे नुसतं पीक नाही, तो घराचा दर्जा असतो. पोरगी द्यायची तर आधी विचारतात, बगीचा आहे का. सहाव्या वर्षी झाडं धरली, आणि पुढची दहा-बारा वर्षं आमच्या घरानं बरे दिवस पाहिले. कवेलू जाऊन स्लॅब पडला, मोठ्या बहिणीचं लग्न झालं, माझं शिक्षण झालं.

संत्र्याला बहार आणायचा तर आधी त्याला छळावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. मृग बहार पाहिजे असेल तर एप्रिल-मेमध्ये महिना-दीड महिना पाणी तोडायचं. पानं पिवळी पडतात, थोडी गळतात, झाड मलूल होतं, आणि मग मिरगाचा पाऊस अंगावर पडला की झाड एकदम पांढऱ्या फुलांनी भरून जातं. ताण कमी झाला तर नुसती पालवी, जास्त झाला तर झाडच दगावतं. किती ताण द्यायचा हे पुस्तकात सापडत नाही. बाबा सकाळी झाडाचं पान हातात चुरडून पाहायचे आणि सांगायचे, अजून चार दिवस. त्या बाबतीत आख्खं गाव त्यांना विचारायला यायचं.

पण ताण म्हणजे आपण दिलेली तहान. ती संपवायला विहिरीत पाणी असावं लागतं.

विहिरी एकदम आटल्या नाहीत. आधी उन्हाळ्यात मोटार दोन तासांऐवजी एक तास चालायला लागली. मग अर्धा तास. मग शेजाऱ्यानं बोअर मारला, म्हणून याच्या शेजाऱ्यानं त्याहून खोल मारला, आणि सगळ्यांनी मिळून जमिनीखालचं पाणी पाताळात नेलं. बाबांनीही दोन बोअर मारले. पहिला तीनशे फुटांवर नुसता धुरळा. दुसऱ्याला साडेचारशेवर पाणी लागलं, आम्ही नारळ फोडला, अन् दहाव्या दिवशी तो फुसफुसायला लागला. त्या दोन बोअरचं कर्ज मात्र टिकाऊ निघालं. त्यात लाइन रात्री यायची. बाबा रात्री एक वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचे आणि अर्ध्या तासात परत यायचे.

२००४ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, मार्चमध्येच विहिरीचा तळ दिसला. झाडांवर आंबिया बहाराची फळं लिंबाएवढी झाली होती आणि ती रोज गळत होती. पूर्ण वाढीच्या संत्र्याच्या झाडाला मे महिन्यात दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी लागतं. पाच हजार लिटरचा टँकर म्हणजे जेमतेम पन्नास झाडांची एका दिवसाची सोय. बाबांनी मायच्या पाटल्या मोडून टँकर लावले. किती दिवस पुरणार? गळ थांबली नाही, वर फांद्या शेंड्याकडून वाळायला लागल्या. मग त्यांनी फळांवरचं मन काढलं आणि झाडं वाचवायच्या मागे लागले. रोज ठरवायचं, आज कोणत्या रांगेला द्यायचं आणि कोणत्या रांगेला नाही. सव्वातीनशे लेकरं असलेल्या माणसानं रोज सकाळी कुणाला जेवू घालायचं नाही ते ठरवावं, तसं चाललं होतं ते. मी तेव्हा नोकरीला होते, सुट्टीत माहेरी आले होते, आणि बाबा जेवताना ताटाकडं पाहत नाहीत हे मला पहिल्या दिवशीच दिसलं.

प्यायचं आणि वापरायचं पाणी गावाबाहेरच्या हापशीवरून यायचं. माय आणि वहिनी डोक्यावर गुंड घेऊन पाऊण मैल चालत आणायच्या. तीन-तीन दिवसांनी आंघोळ, तीही दोन तांब्यांची. ते दोन तांबे पाणी नालीनं एकदिशीच्या वाफ्यात जायचं. आख्ख्या शिवारात तेवढाच एक हिरवा तुकडा.

एका दुपारी बाबा बगीच्यातून आले, न्हाणीपाशी थांबले आणि त्या हिरव्याकडं पाहतच राहिले. मग एकदम ओरडले, "सव्वातीनशे झाडं तहानेनं मरून रायली, अन् तू फुलाले पानी टाकतं? फुलं खाऊन पोट भरते का वं?"

माय भाकरी थापत होती. उठली नाही. म्हणाली, "म्या डोक्यावर आनलं, माह्या आंगावरून गेलं. तुमच्या इहिरीतला थेंब नाई त्यात."

माझ्या आठवणीत माय बाबांना उलटून बोलल्याचा हा एकच प्रसंग. बाबा काही बोलले नाहीत, टोपी काढून बाजेवर बसले. घरात दिवसभर कुणी कुणाशी बोललं नाही. संध्याकाळी मी पाहिलं तर माय विळा घेऊन वाडीत गेली होती. तिनं एकदिशीची सगळी पानं इतभर ठेवून कापली. दोन दांडे कळ्यांसकट होते, तेही कापले. वाफ्यावर गव्हांडा पसरला, त्यावर जुनं टाट टाकलं, टाटावर दगड ठेवले. मग फावड्यानं नालीचं तोंड वळवलं. वाडीच्या कुंपणाला लागून मेलेल्या झाडांच्या जागी बाबांनी दोन वर्षांपूर्वी नवीन लावलेली आठ कलमं होती. न्हाणीचं पाणी त्या कलमांच्या आळ्यांकडं जायला लागलं.

मी म्हटलं, "माय, ते मरंन ना."

ती म्हणाली, "त्याच्या बुडाशी शिदोरी हाय. संत्र्याच्या बुडाशी काहीच नाई."

नवतपा त्या वर्षी नऊ दिवसांत संपलाच नाही. नागपूरला पारा सत्तेचाळिसाच्या आसपास जातो त्या दिवसांत आमच्याकडे वावरात पाखरू दिसत नाही. बाबा रोज त्या आठ कलमांपाशी जायचे, पानं चुरडायचे. आठांपैकी पाच गेली, तीन राहिली. मोठ्या झाडांचं काही खरं उरलं नाही. मिरग आला, पाऊस आला, पण ज्या फांद्या बुंध्यापर्यंत वाळल्या होत्या त्यांना पावसानं काय करावं? काही झाडांना बुडातून फूट आली ती खालच्या जंबेरीची, वरच्या संत्र्याची नाही. लोकांना दुरून हिरवं दिसायचं आणि ते म्हणायचे, जगली म्हणा की. बाबा मान हलवायचे.

पहिला पाऊस पडून गेला तसं मायनं टाट उचललं. गव्हांड्याखाली काही नव्हतं, नुसती करडी खुंटं. आठवड्यानं तिथं हिरवी टोकं आली. मी नागपूरला परतले होते, हे मला वहिनीच्या फोनवरून कळलं. बाकी बगीच्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर बाबांनी बगीचा तोडला. जळाऊ लाकडाच्या व्यापाऱ्याला उक्ता दिला. तोडणारे लोक चार दिवस होते. बाबा चारही दिवस त्यांच्याबरोबर बांधावर उभे होते, कुणी सांगूनही घरी आले नाहीत. अठरा वर्षांचा बगीचा दोन ट्रकांत मावला. त्या वावरात आता भाऊ पऱ्हाटी आणि तूर घेतो. ती तीन कलमं मात्र अजून आहेत, वाडीच्या कुंपणाला. घरच्या खाण्यापुरता संत्रा देतात.

या सगळ्यानंतर बाबा फुलवेडे झाले असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. ते एवढंच करायला लागले, की सकाळी दात घासत वाडीत जायचे आणि एकदिशीची सुकलेली फुलं खुडून उकिरड्यावर टाकायचे. मायला त्यांनी याबद्दल काही म्हटलं नाही, मायनंही विचारलं नाही. पण तिनं ते काम सोडून दिलं. ते त्यांचं झालं.

मी नागपुरात राहते, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या गॅलरीत. मायनं मला गड्डा दिला तो माझ्या पहिल्या दिवाळीला, फराळाच्या डब्यांबरोबर. मोठ्या बहिणीला सावनेरला आधीच दिलेला होता. कुंडीत एकदिशी वाफ्याइतकी खुलत नाही, पण येते. सगळ्यात मोठी अडचण नागपूरच्या उन्हाळ्याची. एप्रिल लागला की मी हिरवी जाळी बांधते, कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवते. एक गोष्ट मला शेजारच्या बाईंची झाडं पाहून कळली. नागपुरात घरोघरी कूलर. संध्याकाळी टाकीत उरलेलं पाणी फेकवत नाही म्हणून लोक ते झाडांना घालतात. पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. चार दिवसांचं पाणी मूळच्यापेक्षा कितीतरी खारट होतं. त्यानं पानांची टोकं तांबडी होऊन जळतात आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरतात. कूलरचं पाणी फरशी पुसायला वापरावं. झाडाला न्हाणीचं बरं, साबण बेताचा असेल तर.

अजून एक सांगून ठेवते, घरात मांजर असेल तर हे झाड तिच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवावं. लिली आणि डे लिली दोन्ही मांजराच्या मूत्रपिंडांना घातक असतात. पान चावलं तरी. बैलानं खाऊन पचवलं म्हणून मांजर पचवेल असं नाही.

नर्सरीत हल्ली डे लिलीचे पिवळे, गुलाबी, जांभळट असे कितीतरी रंग मिळतात. परदेशात हौशी लोकांनी हजारोंनी जाती तयार केल्या आहेत, आणि काही फार देखण्या आहेत, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. मी एक पिवळी आणली होती, ती दोन उन्हाळे टिकली. पण त्या निमित्तानं वाचता वाचता आमच्या साध्या नारिंगी जातीबद्दल एक गोष्ट कळली. तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे तिला बी धरत नाही. खायच्या केळीसारखंच. केळ मुनव्यांवर चालते, ही गड्डे फोडून. तिचं मूळ चीन-जपानकडचं. तिथून ती जगभर गेली ती बियांनी नाही, कुणीतरी कुणालातरी गड्डा देत देत. म्हणजे बंगल्याच्या फाटकाशी होती ती, मामानं टाटात आणली ती, मायच्या वाफ्यातली आणि माझ्या कुंडीतली, ही वेगवेगळी झाडं नाहीतच. एकच झाड आहे, तुकड्या-तुकड्यांनी राहणारं.

चीनमध्ये तिच्या कळ्या वाळवून भाजीत, रश्श्यात घालतात. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. "म्हंजे फुलं खाऊन पोट भरते तर," म्हणाले. तिथं तिला दुःख विसरवणारी वनस्पती म्हणतात आणि ती आईचं फूल मानली जाते. जुन्या काळी मुलगा लांबच्या प्रवासाला निघाला की आईच्या दालनापाशी ही लावून जायचा, तिला काळजीचा विसर पडावा म्हणून. आमच्याकडे उलटं झालं. लांब गेलेल्या लेकींच्या घरी आईनं लावून दिली.

हे मात्र मायला सांगायचं राहिलं. २०१३ च्या जानेवारीत ती गेली. आजारपण फार लांबलं नाही. तेराव्यानंतर आम्ही बहिणी निघायच्या गडबडीत होतो, कुणाला काय न्यायचं ते वहिनी काढून ठेवत होती. लुगडी, तिची पितळी परात, तो गुंड. बाबा मागे वाडीत होते. मी पाहायला गेले तर ते फावडं घेऊन वाफ्यात बसलेले. पोळा नाही, पाऊस नाही, भर थंडीचे दिवस. पण त्यांनी सगळे गड्डे काढले होते आणि फोडून रांगेनं मांडले होते. पानं छाटली होती, इतभर, नेमकी. राखेची टोपली शेजारी. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी चौतीस वर्षं न पाहिल्यासारखं करून सगळं पाहिलं होतं. मी म्हटलं, बाबा, आता वेळ नाही ना फोडायची. ते म्हणाले, "लागते बाई. ताण सोसलेलं झाड हाय ते." पाच वाटे केले होते. दोघी बहिणी, मामेबहीण, माझी नणंद जिला माय दोनदाच भेटली होती, आणि पाचवा जिथल्या तिथं.

पाचही लागले. माझ्याकडच्याला त्या वर्षी फूल नाही आलं, पुढच्या वर्षी आलं.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कानानं कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर ते स्वतःच बोलतात, आपलं ऐकून घेत नाहीत. फाल्गुन लागला की त्यांचा फोन येतो. दांडा निघाला का, किती निघाले, कळ्या किती. बहिणीलाही विचारतात. मग कुणाकडं जास्त आले ते आम्हाला सांगतात, आणि कमी आले असतील तर कारणही सांगतात, गड्डा दाटला असंन, फोडला पाह्यजे. यंदा माझ्याकडे चार दांडे आणि एकेचाळीस कळ्या होत्या. सावनेरला छप्पन्न. माझ्या कुंड्या लहान आहेत, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते खरंच आहे.

पोळ्यानंतर मी दोन कुंड्या फोडल्या. सात गड्डे निघाले. दोन मोठ्या कुंड्यांत मीच लावले. एक खालच्या मजल्यावरच्या वॉचमनच्या बायकोनं मागितला, तिच्या शिवनीकडच्या घरी न्यायला. एक शाळेतल्या मैत्रिणीला. उरलेले तीन ओल्या टाटात बांधून न्हाणीघराच्या दारामागे ठेवले आहेत. टाट रोज संध्याकाळी शिंपडावं लागतं. आठ-दहा दिवस ते असे राहतात.